डाव्या बाजूची टिकटिक

आधीच सांगून टाकतो, या सदरातले अनुभव वाचून सगळ्यात मोठ्याने हसणारा माणूस मीच. कुणाच्या माळ्यावर पावलं वाजली की मी म्हणतो घुशी असतील. कुणाच्या घरात दिवे आपोआप मंद-मोठे व्हायला लागले की मी म्हणतो न्यूट्रल लूज असेल, आधी वायरमनला बोलवा, मग मांत्रिकाला. माझी उभी हयात वीज खात्यात गेली. करंट कुठून येतो आणि कुठे जातो, एवढं एकच ह्यांना आयुष्यात नीट कळलं, असं आमची ही चारचौघांत सांगत असते. तर अशा माणसाने इथे लिहायला घेतलंय... हसायचं तर खुशाल हसा. तुमच्या जागी मीही हसलो असतो.

आम्ही हैदराबादचे. नोकरीसाठी आलेले नव्हे, आजोबांच्या वेळेपासून इथलेच. चिक्कडपल्लीत मेन रोडच्या आतल्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आणि खाली पार्किंग. माझ्या मराठीत मधूनच हैदराबाद डोकावेल, पुण्या-मुंबईच्या मंडळींनी परेशान होऊ नये. घरात मी आणि पत्नी सुनंदा. आणि मी सांगतोय त्या दिवसांत आमची मुलगी अनघा बाळंतपणाला माहेरी आलेली होती. जावई, निखिल, पुण्याला. तारखेच्या आधी रजा घेऊन यायचा होता.

अनघाचं थोडं सांगायला हवं. लग्नानंतर खूप वर्षं वाट पाहिली पोरीने. मधे राहिलं, गेलं. पुन्हा राहिलं, पुन्हा गेलं. त्या काळात ती फोनवर फक्त हवापाण्याचं बोलायची आणि आम्हीही तेवढंच बोलायचो. मग औषधं, इंजेक्शनं, सक्तीची विश्रांती... आणि शेवटी डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर दोन ठिपके दाखवले. जुळं! सुनंदा त्या दिवशी शेजारपाजारी पेढे वाटायला निघाली होती, मी दारात अडवलं. म्हटलं, आधी पार पडू दे सगळं.

मुलगा की मुलगी हे आपल्याकडे सांगत नाहीत, मग पोटातल्या मंडळींना हाक काय मारायची? एक डावीकडे होतं, एक उजवीकडे. मी नावं ठेवली डावोबा आणि उजवोबा. उजवोबा महा उपद्व्यापी, दिवसभर लाथा. डावोबा शांत. मधूनच एखादा धक्का, की झालं. "एक आजोबांवर गेलंय, स्वस्थ बसवत नाही," सुनंदा म्हणायची, "आणि एक माझ्यावर, बिचारं सगळं सोसतंय!" म्हणजे डावोबा शांत असण्याची आम्हा सगळ्यांना सवय होती. हे लक्षात ठेवा.

आता गाडी.

माझी जुनी हॅचबॅक. दसऱ्याला आमच्याकडे गाडीची पूजा होते ती साग्रसंगीत. हळद-कुंकू, झेंडू, चाकाखाली लिंबू, आणि मग सुनंदा नारळ फोडून त्याचं पाणी गाडीवर शिंपडते. शिंपडते कसलं, ओतते! आणि दर वर्षी नेमकं पुढच्या डाव्या कोपऱ्यावर, कारण पार्किंगमध्ये गाडीचा पुढचा उजवा कोपरा खांबाला चिकटलेला असतो. मी दर वर्षी ओरडतो, "अगं, तिथे इंडिकेटरचा दिवा आहे, पाणी आत मुरतं, होल्डर गंजतो!" आणि ती दर वर्षी म्हणते, "देवाच्या पाण्याने काही गंजत नाही."

त्या वर्षी दसरा झाला आणि काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की डावा इंडिकेटर भलत्याच वेगाने उघडझाप करतोय. उजवा ठीक, टिक... टिक... टिक. डावा मात्र टिकटिकटिकटिक, दम लागल्यासारखा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्टिअरिंगच्या खाली फ्लॅशर नावाची काडेपेटीएवढी काळी डबी असते. तिच्यातून करंट तुटत-जुळत जातो म्हणून दिवा लुकलुकतो, आणि आपण ऐकतो ती टिकटिक तिचीच. प्रत्येक बाजूला एक पुढे, एक मागे असे दोन मोठे दिवे. त्यातला एक बंद पडला, की डबीला करंट कमी लागतो आणि ती दुप्पट वेगाने टिकटिकायला लागते. ही मुद्दाम केलेली सोय आहे. ड्रायव्हरला बसल्या जागी कळावं, की बाबा रे, दोनातला एक गेलाय, उतरून बघ.

मी उतरून बघितलं. दोन्ही दिवे लखलखीत चालू.

हरकत नाही, म्हटलं, नारळाचं पाणी! पुढचा होल्डर उपसून काढला. आत हिरवट बुरशीसारखा थर, आणि चक्क एक तांदूळ, अक्षता! मला कोण आनंद झाला म्हणून सांगू. होल्डर घेऊन तसाच दोन जिने चढलो आणि सुनंदाच्या नाकासमोर धरला. "हे बघ तुझं देवाचं पाणी!" ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मिळाली ना चूक? आता जेवण नीट जाईल तुम्हाला." मी सँडपेपरने होल्डर घासून लख्ख केला, परत बसवला, चावी फिरवली... टिकटिकटिकटिक.

आता मात्र माझं डोकं फिरलं. बॉडीला जाणारी अर्थिंगची वायर सोडवून घासली. मागचा होल्डर बघितला. उजवीकडचे दिवे डावीकडे, डावीकडचे उजवीकडे करून पाहिले. उजवी बाजू शांत, डावी धावतेय. शेवटी जलीलभाईला फोन लावला. जलीलभाईचं नारायणगुड्याच्या एका गल्लीत गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. माझी-त्याची जुनी दोस्ती. दोघं मिळून एखाद्या फॉल्टच्या मागे लागलो की आम्हाला चहाचीही शुद्ध नसते. रविवारी सकाळी आला तो.

त्याने ड्रायव्हर सीटवर बसून डॅशबोर्डखालचं झाकण काढलं. मी मीटर धरला. डाव्या बाजूचा करंट मोजला, मग उजव्या बाजूचा. सारखा! म्हणजे दोन्ही दिवे पुरेपूर करंट खातायत, आणि तरी डबी म्हणतेय एक नाही. जलीलभाईने जुना फ्लॅशर उपटून माझ्या हातात दिला, मी तो शर्टाच्या खिशात टाकला. त्याने नवा लावला. नवाही तसाच, डावीकडे टिकटिकटिकटिक. मग खोबणीच्या पिना बघायला त्याने नवाही काढून आपल्या पेटीत ठेवला.

"क्या साब, वायरिंग में कुच बी नै है," तो घाम पुसत म्हणाला. "गाडी कू वहम हो गया."

तेवढ्यात अनघा खाली आली. एक हात कमरेवर, एक पोटावर, सावकाश. वर करमत नाही म्हणाली. मी तिला उत्साहाने समजावायला लागलो. लेक असली तरी ऐकणारं माणूस मिळालं की मी सोडत नाही. दोन दिवे कसे असतात, डबी कशी ओळखते, वेग का वाढतो... "म्हणजे कसं, बेटा, दोन्ही दिसायला ठीक आहेत, पण गाडी सारखी ओरडून सांगतेय की दोनातला एक जातोय."

 मी मीटरवरून नजर उचलली तर तिचा चेहरा पांढराफटक.

"कुठल्या बाजूचा, बाबा?"

"डावा."

तिने पोटावरचा हात डावीकडे सरकवला. "बाबा, डावोबा कालपासून हललेला नाही. मी आईला सांगितलं, ती म्हणाली ते शांतच आहे पहिल्यापासून, झोपलं असेल. मलाही वाटलं उगाच घाबरतेय मी... पण नाही हलत तो. बाबा, चला ना. आत्ता चला."

 खरं सांगतो, इंडिकेटरचा आणि पोटातल्या बाळाचा संबंध त्या क्षणी मी लावलाच नाही, कुठलाही शहाणा माणूस लावणार नाही. मला फक्त पोरीचा चेहरा दिसत होता. मूल गेलं तेव्हा, दोन्ही वेळा पाहिलेला चेहरा होता तो. मी खालूनच सुनंदाला हाका मारल्या. ती ओट्यावरचं तसंच टाकून, गॅस बंद करून धावत आली आणि अनघाला घेऊन मागे बसली. जलीलभाई ड्रायव्हर सीटवर होताच. "बैठो साब, मै चलातूं," म्हणाला. मी शेजारी बसलो. डॅशबोर्डचं झाकण माझ्या पायांत, वायरी लोंबताहेत, जलीलभाईची पेटी तिथेच पार्किंगमध्ये उघडी.

त्याने चावी फिरवली आणि टिकटिकटिकटिक सुरू झाली.

समोर हिरवा बाण डावीकडे लुकलुकायला लागला. मी म्हटलं, "फ्लॅशर कब लगाये?" जलीलभाईने माझ्याकडे बघितलं. "नै लगाया साब. जगा खाली है. एक पेटी में, एक आप के पास." इंडिकेटरची दांडी सरळ होती. त्याने हलवलेलीच नव्हती.

आणि मग माझ्या लक्षात आलं की आवाज डॅशबोर्डमधून येतच नाहीये. माझ्या छातीपाशी येतोय.

मी खिशात हात घालून डबी बाहेर काढली. काळी डबी, पितळी पिना मोकळ्या हवेत. ना वायर, ना बॅटरी. आणि ती माझ्या तळहातावर टिकटिकत होती. नुसता आवाज नव्हे, प्रत्येक ठोका कातडीला लागत होता. इकडे डबी आणि तिकडे बाण, दोघांचा ठेका एक. आयुष्यभर ज्या नियमांवर मी पोट भरलं, ते सगळे माझ्या हातावर बसून मला वाकुल्या दाखवत होते.

"या अल्लाह," जलीलभाई एवढंच म्हणाला आणि त्याने गाडी काढली.

अनघाचं नाव घातलेलं हॉस्पिटल जामबागेच्या बाजूला. म्हणजे नारायणगुड्याचा चौक, काचीगुडा, मग बडी चावडीची गर्दी. हैदराबादमध्ये इंडिकेटर बघून बाजूला होणारा माणूस मी जन्मात पाहिलेला नाही. इथे इंडिकेटर दिला की मागचा उलट जोरात घुसतो. पण त्या दिवशी... विश्वास ठेवा अगर ठेवू नका, डावीकडचे स्कूटरवाले, ऑटोवाले मागे सरत होते. एक भाजीची गाडी आपणहून कडेला गेली. सिटी बससुद्धा थांबली! आम्ही डावा दिवा लुकलुकवत सरळच चाललो होतो आणि कुणी एक शिवी घातली नाही. मागे अनघा पोटावर दोन्ही हात ठेवून "हल ना रे, हल ना," असं पुटपुटत होती आणि सुनंदा तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी मूठ गच्च आवळून बसलो होतो. मुठीत ती चालूच.

हॉस्पिटलात पोटाला मशीन लावलं. आधी उजवोबाचे ठोके आले, दणदणीत. मग डावीकडे नर्सने ते यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं... आणि डॉक्टर मॅडमना बोलवायला पळाली. मॅडम आल्या, ऐकलं, आणि म्हणाल्या, "डावीकडच्या बाळाचे ठोके मंदावतायत. थांबायला वेळ नाही, आत्ताच घ्यावं लागेल." अनघाला नेताना तिने माझं मनगट धरलं. "बाबा, दोन्ही हवेत मला," म्हणाली. एवढंच. मी मान हलवली. जसं काही माझ्या हातात होतं.

आम्ही तिघं ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसलो. जलीलभाई गाडी लावून आला होता. माझ्या कानाशी लागून म्हणाला, "साब, चाबी निकाल लिया मै. बत्ती अब्बी बी जल रई." मी मूठ उघडून दाखवली. सुनंदाने तेव्हा पहिल्यांदा ती डबी नीट पाहिली. मला वाटलं घाबरेल, ओरडेल. तिने फक्त कान जवळ आणला आणि विचारलं, "ही डाव्या बाजूचीच ना?" फ्लॅशर दोन्ही बाजूंना एकच असतो, हे मी तिला समजावू शकलो असतो. मी हो म्हटलं.

आतून एक रडणं ऐकू आलं. सणसणीत! सुनंदा म्हणाली, "हा उजवोबा." तिचे डोळे भरून आले होते. आम्ही दुसऱ्या रडण्याची वाट बघत बसलो.

आणि डबी थांबली.

मी ती हलवली. दुसऱ्या हातात घेतली. कानाला लावली. काही नाही. प्लास्टिकची मेलेली डबी. सुनंदाला कळलं. तिने आपला हात माझ्या हातावर ठेवला आणि डबी दोघांच्या तळव्यांत झाकून घेतली. जलीलभाई डोळे मिटून ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होता. आत कुणी तरी भराभर बोलत होतं, भांडी पडल्यासारखा आवाज झाला... रडणं नाही. मी नास्तिक नाही, पण देवाला त्रास देण्याची माझी कधी हिंमत होत नाही. त्या दिवशी मी मनातल्या मनात त्याला चक्क दरडावलं. म्हटलं, पोरीने खूप सोसलंय, आता बास.

टिक.

सुनंदाने माझ्याकडे बघितलं. तिलाही जाणवलं होतं.

टिक... मग पुन्हा... टिक... टिक... टिक. घाई नाही, धाप नाही. दोन्ही दिवे शाबूत असलेल्या गाडीचा इंडिकेटर जसा चालतो, अगदी तसा. आणि आतून एक बारीकसं, चिरकं रडणं आलं.

थोड्या वेळाने दार ढकलून नर्स बाहेर आली. तेलुगू पोरगी, मास्क हनुवटीवर ओढलेला, सगळा चेहरा हसतोय. "इद्दरू!" म्हणाली. "अम्मा, इद्दरू बागुन्नारु!" इद्दरू म्हणजे दोघंही. दोघंही छान आहेत. मी हैदराबादेत जन्मलो, तेलुगू आयुष्यभर ऐकतोय, पण त्या एका शब्दाइतकं गोड मी काही ऐकलेलं नाही. मी तिथेच, सगळ्यांसमोर, हमसून हमसून रडलो. रडं आवरल्यावर लक्षात आलं, डबी गप्प झाली होती.

नाळेला पीळ पडला होता, असं मॅडम नंतर म्हणाल्या. उशीर झाला असता तर काही हाती लागलं नसतं. "कसं काय ओळखलंत?" त्यांनी विचारलं. सुनंदा माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "मुलीला जाणवलं." खोटं नव्हतं ते. उजवोबा मुलगा निघाला आणि डावोबा मुलगी. काही दिवस दोघं काचेच्या पेटीत होती, मग घरी आली.

आता तुम्ही काय म्हणणार ते मला ठाऊक आहे, कारण माझंही स्वतःला तेच सगळं सांगून झालंय. डबीतल्या कपॅसिटरमध्ये साठून उरलेला चार्ज? इतका वेळ टिकत नाही. माझ्याच हाताची नाडी? मग ती जलीलभाईला आणि सुनंदाला कशी ऐकू आली, आणि गाडीचे दिवे कसे लागले? भीतीने झालेला भास? तिघांना एकच? अनघाला आधीच कळलं होतं, हे खरं. पण ती गप्प राहिली असती, हे ती स्वतःच सांगते. जलीलभाईने दुसऱ्या दिवशी तीच डबी गाडीत बसवली. दोन्ही बाजू ठीक. तेच दिवे, त्याच वायरी, तोच होल्डर. पुन्हा कधी ती डावीकडे धावली नाही. पुढे मी तिथे नवी डबी लावली आणि जुनी काढून घेतली. टेबलावर बॅटरी जोडून पाहिली. मुकाट नियमाने वागते. निखिल म्हणतो, "बाबा, एकदा उघडून बघू या ना आत." घरातला मिक्सर, इस्त्री, शेजाऱ्यांचा टीव्ही, दिसेल ते उघडणारा माणूस मी. पण ही नक्को. ही माझ्या कपाटात तशीच आहे, बंद. उत्तर त्या डबीत सापडेल असं मला वाटत नाही.

यंदाच्या दसऱ्याला अनघा मुलांना घेऊन आली होती. गाडीला झेंडूची माळ घातली, लिंबू ठेवलं. डावोबाबाई माझ्या कडेवर, माझा चष्मा ओढण्याचा उद्योग चाललेला. सुनंदाने नारळ फोडला, वाटी पुढच्या डाव्या कोपऱ्यापाशी नेली आणि सवयीने थांबून माझ्याकडे बघितलं, आता हे ओरडणार म्हणून.

मी म्हटलं, "ओत. अजून थोडं डावीकडे."

तिने सगळी वाटी ओतली. पाणी दिव्याच्या फटीतून आत गेलेलं मी स्वतः बघितलं. होल्डर पुन्हा हिरवा पडणार, मी सँडपेपर आणून ठेवलाय.